रेडिएशन चालू असलेल्या बाईच्या कातडीकडं घरच्यांनीही बघायला हवं

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर आला की पेपरात ब्रेस्ट कॅन्सरवर लेख येतात, गाठ कशी ओळखायची, मॅमोग्राफी कधी करायची, चांगलंच आहे ते. पण ज्यांचं ऑपरेशन झालं, किमो झाली आणि आता रेडिएशन चालू आहे त्या बायकांनी घरात कसं राहायचं यावर कोण फारसं लिहीत नाही. माझ्या थोरल्या जाऊबाईंचं (त्यांना आम्ही आक्का म्हणतो) रेडिएशन यंदा उन्हाळ्यात बेळगावात झालं, आम्ही खानापूर तालुक्यातले, रोज जाऊन येऊन केलं, त्यामुळं जे बघितलं आणि डॉक्टरांकडनं विचारून घेतलं ते इथं लिहितेय.

मशीनवर थोडीच मिनिटं जातात, आठवड्यातनं पाच दिवस. पूर्वी पाच आठवडे 25 वेळा शेक (रेडिएशनला आमच्याकडं शेकच म्हणतात) असायचा, आता बऱ्याच जणींना तीन आठवड्यांत 15 वेळात होतं. कातडी किती खराब होणार हे डोसवर आणि अंगलटीवर पण असतं, ते आपल्या हातात नाही, पण बाकीचा अख्खा दिवस बाई घरात असते आणि तिथं काय होतं ते मात्र आपल्या हातात आहे.

आमच्याकडं पहिली अडचण आंघोळीची झाली. छातीवर शाईच्या खुणा करतात, त्या पुसल्या तर काय होईल या भीतीनं आक्कांनी तिथं पाणी घालायचंच बंद केलं, आणि एप्रिलचा घाम तसाच साचत गेला. नंतर नर्सनं सांगितलं की कोमट पाणी आणि सौम्य साबण चालतो, फक्त घासायचं नाही, मऊ सुती कपड्यानं टिपून घ्यायचं, खुणा फिक्या झाल्या तर आपण पेनानं गिरवायच्या नाहीत, तिथलेच लोक करतात. शेजारपाजारच्या बायका मायेनंच सांगतात, हळद लाव, खोबरेल लाव, पावडर टाक, बाम चोळ, पण यातलं काही त्या जागेवर नको, गरम पाण्याची पिशवी नको आणि बर्फ पण नको. वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर, ते पण डॉक्टरांना दाखवून. काही जणींना डॉक्टर स्टिरॉइडचं मलम लिहून देतात, त्यानं खाज आणि आग कमी होते, पण दुसरीचं बघून मेडिकलमधनं आपल्या मनानं आणायचं नाही.

आता चुलीचं सांगते, कारण हे कुठल्या कागदावर लिहिलेलं मी बघितलं नाही. आमच्या भागात अजून पुष्कळ घरात भाकऱ्या चुलीवर होतात. चुलीपुढं बसून भाकरी थापली, तव्यावर टाकली, मग निखाऱ्यापुढं उभी करून फुगवली की सगळी धग सरळ छातीवर येते, आणि कातडी आधीच भाजल्यागत झालेली असते. आक्का तशाच बसायच्या, कोण नको म्हटलं तर "एवढ्यानं काय होतंय" म्हणायच्या. शेवटी सासूबाईंनीच परात ओढून घेतली. तेवढे दिवस भाकरीचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्यावं, पुरुषांनी घेतलं तरी चालेल, गॅसवर कुकर लावायला काय अवघड आहे. शेतातलं ऊन पण तसंच, रेडिएशन संपल्यावर सुद्धा निदान वर्षभर त्या भागावर थेट ऊन घ्यायचं नाही.

बसचं पण तसंच. 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट झाली, आमच्यासारख्यांना रोजच्या जाण्यायेण्यात त्याचा खरंच मोठा आधार झाला. पण गर्दीत उभं राहून वरचा दांडा धरला की काख ताणते, घासते, आणि नेमकी काख आणि छातीखालची घडी हीच लवकर सोलणारी जागा. खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा त्या बाजूला नको. अशा बाईला बघून कुणी जागा दिली तर फार उपकार होतील, पण बाहेरनं बघून कळत नाही ना, म्हणून सोबतच्यानं न लाजता मागावी. तार असलेली ब्रेसियर आणि घट्ट नायलॉनचा ब्लाऊज बंद, जुना सैल सुती ब्लाऊज बरा. मंगळसूत्र तिथं घासत असेल तर काढून ठेवू दे, त्यावरनं घरात बोलणी नकोत.

सगळ्यात जास्त मला बोलायचंय ते लाजेबद्दल. पुस्तकात कातडी लाल होते लिहितात, आपल्या सावळ्या अंगावर ती काळी पडते, मग खवले निघतात, आणि घडीत कधी साल जाऊन ओलं होतं, पाणी सुटतं. आक्कांना तसं झालं होतं आणि त्यांनी आम्हाला सांगितलंच नाही, मशीनवर सगळी पुरुष मंडळी म्हणून तिथं पण नाही. पदराला डाग दिसला तेव्हा कळलं. दाखवल्यावर डॉक्टरांनी न चिकटणारी पट्टी आणि मलम दिलं, दोन-तीन दिवसांत आग उतरली. आधी बोलल्या असत्या तर तेवढ्या रात्री बसून काढाव्या लागल्या नसत्या. म्हणून हॉस्पिटलवाल्यांना विनंती आहे की दर आठवड्याच्या तपासणीत बाईमाणसानं ब्लाऊज सैल करून घडीखाली स्वतः बघावं, "काही त्रास आहे का" एवढं विचारून सोडू नये, कारण "नाही" हेच उत्तर येणार. घरातल्या लेकीसुनांनी पण बघावं. ताप, घाण वास किंवा पू असेल तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

बाहेरनं दिलेलं रेडिएशन अंगात राहत नाही, नातवंडांना लांब ठेवायची काही गरज नाही, हे पण ठणकावून सांगते.

आणि एक, शेवटचा शेक झाला की सगळे म्हणतात सुटलो. पण त्यानंतर आठवडा-दोन आठवडे कातडी आणखी बिघडू शकते, मग महिनाभरात हळूहळू भरून येते. नेमकं त्याच वेळी बाई गावाकडं असते आणि विचारायला कोण नसतं. घरी सोडताना फोन कुणाला करायचा तो नंबर आणि या सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये छापून हातात द्याव्यात, आम्हाला मिळालेला कागद इंग्रजीत होता आणि तो वाचून दाखवायला पुतण्या कॉलेजातनं येईपर्यंत थांबावं लागायचं.

आपली,
एक वाचक, खानापूर तालुका