किती विकलं, असं विचारलंस म्हणून

फ्रँकफर्ट, फेब्रुवारी

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. ‘आई, किती विकलं?’ एवढाच. एका शब्दात उत्तर हवं असेल तर शून्य. पण नुसतं शून्य कळवलं तर तू ते आजीला सांगणार आणि आजी अख्ख्या सोसायटीला सांगणार की लेक जपानहून जर्मनीला बश्या घेऊन गेली नि तशीच परत आली. म्हणून सविस्तर लिहिते. शिवाय तू तुझ्या भांड्यांचा पहिला स्टॉल लावणार आहेस, तेव्हा यातलं काही तुझ्याही कामाचं निघेल.

आम्ही आलोय ते अँबिएन्ते हे घरगुती वस्तूंचं व्यापारी प्रदर्शन आहे. इथे घरासाठी एखादा कप घ्यायला कुणी येत नाही. सर्वसामान्य माणसाला आत सोडतच नाहीत. येतात ते दुकानदार, आयातदार, हॉटेलांची खरेदी बघणारे. पुढच्या हंगामात आपल्या फळीवर काय मांडायचं ते ठरवायला येतात. दर फेब्रुवारीत पाच दिवस हे भरतं. २०२३पासून नाताळच्या सजावटीचं आणि हस्तकला-साहित्याचं प्रदर्शनही त्याच आवारात, त्याच सुमारास असतं, त्यामुळे गर्दी विचारू नकोस. एका हॉलमधून दुसऱ्यात जायला विमानतळावर असतात तसले सरकते पट्टे आहेत. प्रवेशाशी २५६ मीटर उंच मनोरा, आणि त्याच्या पायथ्याशी हातोडा अखंड वर-खाली करणारा एक भला मोठा काळा पुतळा. आमचे शाचो, म्हणजे मालक, रोज सकाळी त्या पुतळ्यासमोर किंचित मान झुकवून मग आत शिरतात. का, ते मी विचारलेलं नाही. या दिवसांत फ्रँकफर्टच्या हॉटेलांचे भाव परवडत नाहीत, म्हणून आम्ही माइन्झला उतरलोय आणि लोकलने येजा करतो. बसायला जागा मिळत नाही, अगदी आपल्या लोकलसारखंच.

आता आम्ही इथे आलो तरी कशाला? जपानात जेवणाची जी भांडी बनतात त्यांतली जवळजवळ निम्मी आमच्या मिनो भागातली. म्हणजे गिफू प्रांतातलं ताजिमी, आमचं तोकी, मिझुनामी आणि आसपासची गावं. एकेका वस्तीचं एकेक काम ठरलेलं. इचिनोकुरा साकेच्या, म्हणजे तांदळाच्या मद्याच्या, पेल्यांसाठी; दाची डोंबुरीच्या, म्हणजे भातावर कालवण वाढायच्या, मोठ्या वाडग्यांसाठी. पण नाव कुणाच्या तोंडी असतं? क्यूशू बेटावरच्या अरिताचं, इमारीचं. तिथली भांडी सतराव्या शतकात डच जहाजांतून युरोपात गेली, राजेरजवाड्यांच्या कपाटांत बसली. मिनोचं भांडं घरोघरी रोज वापरलं जातं आणि ते कुठलं हे कुणी विचारत नाही. तेही इतकी वर्षं चाललं. आता घरं लहान झाली, माणसं कमी झाली, लग्नात पाच-पाच वाडग्यांचे संच देण्याची पद्धत मागे पडली. आमच्या गल्लीतल्या कितीतरी भट्ट्या थंड पडल्यात. शाचोंचा मुलगा धंद्यात आला तो या अटीवर, की एकदा तरी बाहेर जाऊन बघायचं. भाषेची बाजू सांभाळायला मग मी. पुण्यात जपानी शिकताना वाटलं होतं, मोठमोठ्या कंपन्यांच्या बैठकांत दुभाषी होईन. झाले ती वाडग्यांची.

पहिला धडा तर निघायच्या आधीच मिळाला. माल विकायचा नसून दाखवून परत न्यायचा असेल तर ‘कार्ने’ नावाचं एक कागदपत्रांचं बाड करून घेता येतं. त्यात प्रत्येक नगाचं वर्णन, वजन, किंमत. ते असलं की जर्मनीत सीमाशुल्क भरावं लागत नाही, पण जितकं आणलं तितकं परत न्यायचं. कोपनहेगनमध्ये रेस्टॉरंट चालवणारी एक बाई आली. ओरिबे नावाच्या हिरव्या झिलईचा वाडगा तिने उचलला आणि म्हणाली, हा मी आत्ताच घेऊन जाते. शाचो इतके खूश झाले की कागदात गुंडाळून भेटच द्यायला निघाले. मी मधे पडले. ‘शाचो, हा यादीतला आहे. इथे राहिला तर याचं शुल्क भरा आणि कागदांचा घोळ निस्तरत बसा.’ तिचा पत्ता घेतला, जपानहून वेगळा पाठवायचं कबूल केलं. तर मुद्दा काय, इथे विकायला आम्ही आलोच नव्हतो!

मग दिवसभर करतो काय? लोक भांडं उचलतात, आणि सगळ्यात आधी उलटं करतात. पहिल्या दिवशी हे बघून शाचोंचा चेहरा उजळला होता. जपानी चहाच्या समारंभात पाहुणा चहा पिऊन झाला की वाडगा हलकेच कलता करून त्याचं तळकडं बघतो. झिलई न लावलेल्या त्या कड्यात कारागिराचा हात दिसतो म्हणतात. शाचोंना वाटलं, वा, इथेही जाणकार आहेत. तेवढ्यात वाडगा उलटा धरलेल्या एका हॉटेलवाल्याने तळकड्यावरून अंगठा फिरवला, तिथेच टेबलावर वाडगा घासून बघितला आणि लाकडावर ओरखडा उठतो का ते वाकून पाहिलं. त्याच्या हॉटेलात पॉलिशची टेबलं आहेत. पुढचा प्रश्न, एकावर एक किती रचता येतात? त्याच्यापुढचा, भांडी धुण्याच्या यंत्रात चालतात का? कारागिराच्या हाताबद्दल अक्षर नाही. शाचो जरा हिरमुसले, पण संध्याकाळी माइन्झच्या खोलीत त्यांनी स्वतः प्रत्येक वाडग्याचं तळकडं बोटांनी चाचपून बघितलं आणि वहीत लिहिलं: भाजल्यावर तळकडी घासून गुळगुळीत करण्याचा खर्च, नगामागे.

खरी गंमत झिलईवरून झाली. ओरिबेचा हिरवा तांब्याचा असतो. जाड बसला तिथे गडद, कडेला पातळ, कुठे ओघळ. दोन वाडगे सारखे निघत नाहीत, आणि जपानात त्याचंच कौतुक. एका जर्मन दुकानसाखळीची खरेदीवाली आली, तिने तीन वाडगे शेजारी मांडले आणि विचारलं, ‘यातला बरोबर कुठला?’ शाचो माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं मी भाषांतरात काहीतरी गाळलं. पण तिचं म्हणणं रास्त होतं. तिचं गिऱ्हाईक ऑनलाइन फोटो बघून मागवणार आणि वेगळा रंग आला तर परत पाठवणार. तिथे धाकटा मालक, म्हणजे शाचोंचा मुलगा, पुढे झाला. आमच्याकडे कारखान्यांना माल देताना मर्यादेचे नमुने ठेवतात: सगळ्यात फिका चालेल तो हा, सगळ्यात गडद चालेल तो हा, यांच्यामधलं सगळं मान्य, बाहेरचं बाद. दोन्ही पक्षांनी सही करायची आणि एकेक जोडी आपापल्याकडे ठेवायची. हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा खुर्चीत बसली. सोनू, तुझ्या त्या निळ्या मगांचं हेच कर. ‘हाताने केलंय, थोडा फरक असणारच’ एवढं बोलून भागत नाही. फरक किती, ते समोर ठेवून दाखव.

आकाराचं तर काय सांगू. सगळ्यांना २७ सेंटीमीटरची सपाट बशी हवी. आमची मोठ्यात मोठी आठ ‘सुन’ची (हे जपानी माप), म्हणजे सुमारे २४ची. तीन सेंटीमीटरचा तर प्रश्न, असं ऐकणाऱ्याला वाटतं. पण माती वाळताना आणि भाजताना मिळून बारा-तेरा टक्के आकसते, म्हणजे साचा ३१चा हवा. भट्टीच्या एका फळीवर मावतात त्यापेक्षा कमी बसणार, आणि बशी जितकी रुंद नि सपाट तितका तिचा मधला भाग भट्टीत खाली खचण्याचा धोका. हे दुखणं जुनं आहे. न्यूयॉर्कला १८७६पासून दुकान चालवणाऱ्या मोरिमुरा मंडळींनी अमेरिकेला डिनर सेट पाठवायचे म्हणून १९०४ साली नागोयाला कारखाना काढला. तोच आजचा नोरिताके. त्यांनाही २५ सेंटीमीटरची पांढरी सपाट बशी धड जमून पहिला डिनर सेट बाजारात यायला १९१४ साल उजाडलं. दहा वर्षं! शाचो हा किस्सा जेवताना मोठ्या चवीने सांगतात, आणि सांगून झाल्यावर म्हणतात, आपण २७च्या वाटेला जायचं नाही. मला पटतं. कारण जी भांडी आम्ही ‘लहान’ म्हणून कोपऱ्यात ठेवली होती त्यांच्याभोवतीच लोक जमत होते. साकेचे पेले एकाने कॉफीसाठी उचलले, दुसऱ्याने जेवणाआधीच्या दोन घासांच्या पदार्थासाठी. भाताचा वाडगा जपानात हातात उचलून खायचा असतो, म्हणून हलका, तळहातात बसेलसा. इथे त्यात दही-म्युस्ली घालून लोक सोफ्यावर बसणार. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शाचोंनी असा चेहरा केला, जणू कुणी आपल्या देव्हाऱ्यातल्या निरांजनात चटणी वाढली. दोन दिवसांनी तेच येणाऱ्या-जाणाऱ्याला वाडगा हातात देऊन ‘म्युस्ली, म्युस्ली’ म्हणत होते.

किमतीवर मात्र आमचं रात्री बराच वेळ चाललं. जपानात दुकानातली किंमत आधी ठरते आणि मग घाऊकवाल्याला तिच्या अमुक टक्क्यांनी द्यायचं. मधे गावातली व्यापारी पेढी, मग शहरातला ठोक व्यापारी, मग दुकान. शाचोंनी आयुष्यभर असाच हिशोब केलाय. इथला आयातदार विचारतो, तुमच्या दारातून निघताना किंमत किती? नागोया बंदरात जहाजावर चढवून किती? त्यावर तो वाहतूक, स्वतःचा नफा, दुकानाचा नफा आणि जर्मनीतला १९ टक्के कर चढवतो, आणि तोकीत हजार येनला मिळणारा वाडगा इथल्या फळीवर दोन-अडीच हजारांचा होऊन बसतो. आणि तीच वस्तू आपण आपल्या वेबसाइटवर हजारालाच विकत असलो तर आयातदार का उभा राहील? हा प्रश्न एका डच गृहस्थाने विचारला, अगदी हसतमुखाने. त्या रात्री धाकट्या मालकाने परदेशासाठी वेगळं दरपत्रक करायला घेतलं. एक गोष्ट आमच्या बाजूची आहे: जपान आणि युरोपीय संघातला करार १ फेब्रुवारी २०१९पासून लागू आहे, आणि माल जपानात बनलाय हे निर्यातदाराला आपल्या बीजकावर स्वतःच लिहून देता येतं. ते वाक्य बरोबर कसं लिहायचं हे मी घरून घोटून आले होते. आयातदार ते वाचतो आणि मान हलवतो, बस्स.

शिशाची चाचणी, हा भाग तू नीट वाच. भांड्यात ४ टक्के अॅसेटिक आम्ल, म्हणजे जवळपास आपला व्हिनेगरच, २२ अंशांच्या आसपास २४ तास ठेवतात आणि त्यात शिसं नि कॅडमियम किती उतरलं ते मोजतात. युरोपातली मर्यादा खोलगट भांड्याला लिटरमागे ४ मिलिग्रॅम शिसं आणि ०.३ मिलिग्रॅम कॅडमियम. सपाट बशीचं मोजमाप क्षेत्रफळावर. आमच्या हिरव्याला आणि पांढऱ्याला काही झालं नाही. वरून चितारलेल्या लाल-पिवळ्या रंगाच्या एका मालिकेचा अहवाल मात्र वेळेत आला नाही, म्हणून ती मी पेटीतूनच काढली नाही. तू म्हणतेस तुझी पिवळी झिलई बाजारातून तयार आणली आहे. कुणाकडून, आत काय आहे, लेखी माग. नसेल देत तर त्या झिलईत फुलदाण्या कर, वाट्या नको. लोक त्यात लिंबाचं लोणचं घालणार, आणि ते चोवीस तासांत थोडंच संपतं?

आपली माणसंही भेटली बरं का. मुरादाबादचे पितळवाले तर इथले जुनेजाणते. एक मुंबईचे स्टीलवाले काका आमच्या स्टॉलवरून जाताना माझा फोनवरचा आवाज ऐकून थांबले, ‘तुम्ही मराठी?’ गेली कितीतरी वर्षं ते येताहेत. त्यांनी सांगितलं की पहिल्या वर्षी खरेदीदार फक्त चेहरा बघून ठेवतो, दुसऱ्या वर्षी तुम्ही पुन्हा दिसलात तर बोलतो, ऑर्डर त्याच्यानंतर. मी हे शाचोंना सांगितलं. ते गप्प झाले, कारण स्टॉलचं भाडं त्यांनीच भरलंय.

तर आता हातात काय आहे? कार्डांचा एक गठ्ठा. समोरच्याच्या कार्डावर त्याच्यादेखत काही लिहिणं जपानात उद्धटपणाचं, म्हणून मी वेगळे कागद छापून आणले होते: कोण, कुठली भांडी उचलली, काय विचारलं, नमुना हवा का. प्रत्येक कागदाला कार्ड टाचलेलं. एक गोष्ट बघून ठेव. ज्यांनी आमच्या भांड्यांची तोंड भरून स्तुती केली त्यांच्या कागदावर लिहायला काही नाही. ज्यांनी खोक्याचं माप, खोक्यात किती नग, किमान किती घ्यावे लागतील आणि किती दिवसांत येतील हे विचारलं, त्यांचे कागद दोन्ही बाजूंनी भरलेत. तोकीला पोचल्या दिवसापासून त्यांनाच आधी लिहायचं. धाकटा मालक म्हणतोय आठवड्यात, मी म्हणतेय विमानातच मसुदे करू.

उद्या शेवटचा दिवस. संध्याकाळी सगळं परत गुंडाळायचं, यादीशी नगन्‌नग ताडायचं आणि विमानतळावर कार्नेवर शिक्का घ्यायचा. तुझ्या स्टॉलसाठी टेबल किती लांबीचं देणार आहेत ते विचारून मला कळव, मग मांडणी ठरवू. आणि जागेचे पैसे भरलेस का? आजीच्या गोळ्यांचं लक्षात ठेव, बाबांना रात्री फोन कर, ते एकटे आहेत आणि फ्रीजमधली भाजी गरम करून खातील याची मला खात्री नाही.

तुझी,
आई