नफ्याचा धनी, तोट्याचा धनी

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जो जोखीम पत्करतो त्याचाच नफ्यावर हक्क, आणि समाजाची भरभराट याच नियमाने होते, असे तू ठामपणे लिहिले आहेस. नव्या कंपनीत पगारासोबत तुला थोडे शेअरही मिळणार असल्यामुळे हा विषय तुझ्यापुरता आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. तुझ्या म्हणण्यातला बराच भाग मला मान्य आहे. पण जोखीम नेमकी कोण पत्करतो, याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. तुझे कार्यालय लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे, त्यामुळे उदाहरणासाठी लांब जायला नको.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये व्यापाऱ्यांकडून भांडवल उभे करून सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी चालू झाली. यंत्रे साता समुद्रापलीकडून आणायची, ती चालवणारी माणसे इथे तयार करायची आणि ज्या इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडाने आपल्या विणकरांचा धंदा बसवला त्याच्याशीच पुढे टक्कर द्यायची, हे धाडस कोणाच्या हुकमाने झाले नसते. नफ्याची आशा होती म्हणून ते झाले. त्यातून कोकणात आणि घाटावर ज्यांच्या जमिनीच्या तुकड्यावर घर चालत नव्हते, अशा लाखोंच्या हाती रोख पगार आला. आपल्या गावच्या घरावर कौले चढली ती तुझ्या पणजोबांच्या मनीऑर्डरींमधून, हे मी कधीच नाकारणार नाही.

मात्र पैसा आला की जुने अन्याय आपोआप गळून पडतात, असे तू समजू नकोस. गिरणीतल्या मागावर आडवे सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागणार, म्हणून दलित कामगारांना चांगल्या मजुरीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, शिरकावच मिळत नसे. डॉ. आंबेडकरांना १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरावा लागला. तोपर्यंत गिरण्यांचा व्यवसाय सत्तर वर्षांचा झाला होता आणि मालकांच्या नफ्याला या भेदभावाची कधी अडचण झाली नव्हती.

आता जोखमीचे पाहू. आपल्याकडे १८५७ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांना मान्यता मिळाली. कंपनी बुडाली तर भागधारकाचे तेवढ्या शेअरचे पैसे जातात. त्याच्या घरादारावर जप्ती येत नाही. ही तरतूद शहाणपणाची होती असेच माझे मत आहे, कारण तिच्याशिवाय अनोळखी माणसाच्या उद्योगात कोणी पैसा घातला नसता. पण भांडवल घालणाऱ्याच्या तोट्याला कायद्याने अशी सीमा आखून दिली असताना, श्रम घालणाऱ्याच्या तोट्याला सीमा घालण्यासाठी पुढची कित्येक दशके लढावे लागले. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली, यावरून त्याआधी काय चालत असेल याची कल्पना कर. (त्या कायद्यासाठी लँकेशायरचे गिरणीमालकही आग्रही होते, मुंबईची स्वस्त मजुरी त्यांच्या धंद्याला जड जात होती.) नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि इजा झाल्यास भरपाई मागितली. रविवारची सुट्टी पदरात पडायला १८९० चा जून उजाडला. तू ज्या सुट्टीच्या दिवशी मला निवांतपणे पत्र लिहितेस, ती अशी मिळालेली आहे.

तुझे आजोबा साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांत तेही होते. प्रश्न पगाराचा आणि बोनसचा होता, तसाच आपली संघटना आपणच निवडण्याचा होता. कारण १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानुसार एकाच संघटनेला मालकांशी बोलणी करण्याचा अधिकार होता आणि कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. अनेक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले नाहीत आणि कापडापेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची ठरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने ती जमीन विकायला वाट दिली, पण ढोबळमानाने तिचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी वाटणीही घातली. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीची करायची असे ठरले. गिरणीचे आवार शेडांनी भरलेले असते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या बदलाने काय हिरावले गेले ते सांगावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा बदल वैध ठरवला. गिरणी कामगारांचे आणि त्यांच्या वारसांचे घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आले, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला वर्षानुवर्षे ताटकळणेच आले.

यावरून भांडवल वाईट, असा निष्कर्ष मी काढत नाही. याच गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायका वाण्याकडून उधारीवर धान्य घेत आणि व्याजाखाली दबून जात. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा त्याच बायका त्याच चुलीवर स्वतःच्या धंद्याच्या मालकीण झाल्या. भांडवल रास्त दरात, योग्य हाती पडले तर ते माणसाची मान ताठ करते. १९९१ पूर्वीच्या परवाना राज्याचीही, म्हणजे कारखानदाराला पावलोपावली सरकारी परवाना लागे त्या काळाचीही, मला ओढ नाही. स्कूटरसाठी आणि टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसणे आम्ही सोसले आहे. स्पर्धेने ते दिवस संपवले, हे चांगलेच झाले.

म्हणून माझा आक्षेप नफ्याला नसून जोखमीच्या हिशेबाला आहे. दावरांच्या भागधारकांनी पैसा घातला आणि तुझ्या आजोबांनी उमेदीची सगळी वर्षे, कापसाच्या तुसाने भरलेल्या फुप्फुसांसकट. पैसा एका धंद्यातून निघून दुसऱ्यात जातो. पन्नाशीच्या विणकराला कुठे जाता येते? ज्याला उठून जाता येत नाही, त्याची जोखीम मोठी, हे बाजार स्वतःहून मान्य करत नाही. ते कायद्याने आणि संघटनेने मान्य करायला लावावे लागते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांची, म्हणजे कायम नोकरी नसताना कामागणिक पैसे मिळवणाऱ्यांची, पहिल्यांदा दखल घेतली गेली, ती याच वाटेवरची एक पायरी आहे.

तुमची कंपनी घरपोच सामान पोहोचवते. मोटरसायकल त्या मुलाची, पेट्रोल त्याचे, पावसात घसरून पडला तर हाडही त्याचेच. शेअर मात्र त्याला नाहीत, तुला आहेत. ऑर्डरी निम्म्यावर आल्या तर तुझ्या पगारात किती फरक पडेल आणि त्याच्या कमाईत किती, आणि त्याला अपघात झाल्यास कंपनी नेमके काय देते, हे तू तुमच्या हिशेब खात्यात विचारून मला कळव.

तुझे,
बाबा