रिमोटशिवाय खेळणारा रोबोट

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, रोबोटकडून सगळं पाठ करून घेतात का? पाठांतर सुरुवातीलाच पुरतं. फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेत पहिले ३० सेकंद रोबोट आपला आपण खेळतो. तोवर मैदान बरंचसं मांडल्यासारखंच असतं. पुढची २ मिनिटं चालकाची. तीही प्रोग्रामवर काढायची, तर दुसरे रोबोट आडवे येणार, वस्तू हललेल्या असणार.

म्हणून आधी त्याला स्वतःची जागा कळायला हवी. मोटारीची चाकं घसरतात, त्यांच्या फेऱ्यांवर भरवसा नाही. खाली स्प्रिंगने जमिनीला दाबलेली, मोटार नसलेली तीन छोटी चाकं बसवतात: दोन समांतर, एक आडवं. चाक ४८ मिलिमीटर व्यासाचं आणि त्याचं फिरणं मोजणारा एन्कोडर फेरीला २००० पल्स, म्हणजे मोजणीचे ठोके, देणारा असला, तर मिलिमीटरमागे सुमारे १३ पल्स मिळतात. मग रोबोट हाताने सरळ २ मीटर ढकलून हा आकडा जुळवायचा, जागच्या जागी १० फेऱ्या फिरवून प्रोग्राममध्ये लिहिलेलं चाकांमधलं अंतर सुधारायचं. काम कंटाळवाणं, पण दिशा १ अंशाने चुकली तरी ३ मीटरवर ५ सेंटिमीटरचा फरक पडतो.

साचलेली चूक कॅमेरा काढतो. मैदानावरचे एप्रिलटॅग, म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकोनी खुणा, दिसल्या की अंतर आणि कोन मिळतो. धावताना चित्र पुसट येतं, त्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे एका चित्रासाठी प्रकाश घेण्याचा वेळ, ५-६ मिलिसेकंदांवर आणून गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, वाढवायचा. तरी माझ्या मते रोबोट सावकाश असतानाच टॅगचं ऐकावं.

आई, तुझा प्रश्न ठरलेला: ‘आणि अडकला तर?’ खरी मेख तिथेच आहे. प्रत्येक कामाला मुदत हवी. दीड सेकंदात सेन्सरला वस्तू दिसली नाही, तर ती सोडून पुढची. मोटारींना जोर दिलाय, पण अर्ध्या सेकंदात २ सेंटिमीटरही सरकला नाही? मग २० सेंटिमीटर मागे आणि दुसरी वाट. नवशिके इथे प्रोग्रामच थांबवून ठेवतात. तेवढ्यात कुणी ढकलून फिरवलं, तर सरकणं आणि वळणं एकत्रच मोजलं जातं आणि जागा चुकते. प्रोग्रामचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा भाग, अखंड फिरता ठेवून वेळ टायमरने मोजायची.

बॅटरीही दगा देते. १२ व्होल्टची म्हणतात, पण भरलेली १३च्या वर असते आणि खेळताना उतरत जाते. म्हणून मोटारीला द्यायच्या जोराला दर वेळी १२ भागिले त्या क्षणाचे व्होल्ट, असं गुणायचं. नाहीतर सकाळी नेमका पडणारा चेंडू दुपारी अलीकडेच पडतो.

तुमची लेक