सरपंच अभ्यासगट : बुधवारची आठवण

सर्व सरपंच ताई-दादांना नमस्कार.

मागच्या तीन बुधवारी आपण चौघंच आलो. कोणाची घरकुलाची यादी, कोणाला पंचायत समितीत बोलावणं, कोणाच्या वावरात कापूस वेचायला बाया लागलेल्या. कारणं खरी आहेत. माझ्याही फोनवर पहाटे साडेपाचलाच ‘नळ आला नाही’चे मिस्ड कॉल पडलेले असतात.

पण ग्रामसभेत एका पोट्ट्यानं बंधित निधी म्हणजे काय विचारलं, आणि मी ग्रामसेवकाच्या तोंडाकडे पाहत बसली. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत (२०२१-२६) ६० टक्के पैसा पाणी-स्वच्छतेसाठीच बांधलेला होता, हे मला घरी येऊन वाचावं लागलं. सही मात्र वर्षभर मीच करत होती!

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यासगट बसत, त्यात बाहेरचे जाणकारही येत. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे हे बसणंही होतं.

या बुधवारी संध्याकाळी ७ ते ८:३०, समाजमंदिरात. आपापल्या ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक आणा. फोन दाराजवळच्या टोपलीत. घरी आजारी माणूस असेल तर जवळ ठेवा, बाकी उपसरपंचांना सांभाळू द्या, जमते त्यांना. शेवटचा अर्धा तास पंचायतीचा विषय बंद. ज्याला जे शिकायचं ते. मी टायपिंग शिकून राहिली, ‘ज्ञ’वर अडली आहे.

लाइनीचा भरवसा नाही, टॉर्च आणा. चहा माझ्याकडे. साखर संपली आहे, कोणीतरी पावशेर आणजा.