खोके पहिल्याच आठवड्यात उघड

नौपाडा, ठाणे
२४ मे

प्रिय मेघना,

कालच्या पेपरात ती नेहमीची बातमी होती, मान्सून अंदमानात दाखल. लहानपणापासून दर मे महिन्यात आपण ही बातमी वाचत आलोय. आईला त्यातून एवढंच कळायचं, की आता वाळवणं आवरायला फार तर वीस दिवस राहिले. काल मात्र ती ओळ वाचली आणि मला आमच्या तिथल्या पत्र्यावर पडणारा पाऊस ऐकू आला. साडेतीन वर्षं राहिले गं पोर्ट ब्लेअरला, आणि परत येऊन वर्ष होत आलं तरी मे संपत आला की माझं मन तिकडेच असतं.

तुझी तिथेच बदली झाल्याचं फोनवर कळलं तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. ‘काय काय न्यायचं’ एवढं तू विचारलंस आणि मी घाईघाईत काहीतरी सांगून टाकलं. नंतर मलाच वाईट वाटलं. पाच वर्षांसाठी जाते आहेस, घरदार हलवून, पोरीची शाळा बदलून. म्हणून आज दुपारी सगळं बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

सगळ्यात आधी खोक्यांचं सांगते.

आम्ही गेलो तेव्हा ऑर्डर दोन वर्षांची होती. बावीस खोके गेले होते जहाजाने. त्यातले नऊ उघडले. भांडीकुंडी, कपडे, शाळेची पुस्तकं, देव. बाकीचे तेरा पलंगाखाली आणि माळ्यावर तसेच ठेवले. दोन वर्षांत परत जायचंच आहे, कशाला पसारा, असं मी रोज मनाशी म्हणायची. भिंतीला खिळा ठोकला नाही. पडदे शिवले नाहीत. जुन्या चादरी लावल्या खिडक्यांना. कुणी घरी आलं की मी सांगायची, ‘आमचं काय, तात्पुरतं बिऱ्हाड.’

पुढच्या जुलैत नणंदेकडच्या मुंजीसाठी ठाण्याला यायचं ठरलं म्हणून साड्यांचा खोका काढला. वरची चिकटपट्टी ओली लागली हाताला. आत आईची डाळिंबी इरकल होती, तिच्या लग्नातली. जुन्या पंच्यात गुंडाळलेली, घडीत लवंगा घातलेल्या. उलगडायला गेले तर घडीच्या रेषेवर साडी फाटत गेली, कापडाचा आवाजसुद्धा आला नाही. पदरावर करड्या बुरशीची वर्तुळं होती, आणि वास असा की अजून आठवला तर पोटात कालवतं. शेजारच्या खोक्यात पुस्तकं होती, त्यांची पानं एकमेकांना चिकटून वडी झाली होती. उरलेल्यांना कसर लागली होती. मी त्या फरशीवर बसून खूप रडले. ती साडी दिवाळीला नेसता आली असती. संक्रांतीला नेसता आली असती. मी ती ‘परत गेल्यावर’साठी ठेवली होती.

आणि दोन वर्षांची ऑर्डर पुढे साडेतीन वर्षांवर गेली.

म्हणून मेघना, खोके पहिल्याच आठवड्यात उघड. सगळे. जे उघडायचं नाही ते इथेच ठेवून जा, आमच्या माळ्यावर जागा आहे. तिथे पाऊस दोनदा येतो. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा, आणि तो सरला असं वाटतं तोवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे पाऊस जास्तच पडतो म्हणतो आपण, पण आपल्याला ऑक्टोबरचं ऊन मिळतं कपाट वाळवायला. तिथे ते हक्काचं नाही. कोरडे दिवस येतात ते जानेवारी ते एप्रिल, तेव्हा गाद्या, पुस्तकं, रेशीम सगळं बाहेर काढ. कपाटात आम्ही शेवटी छोटा दिवा लावून ठेवायला लागलो, त्याच्या ऊबेने बराच फरक पडला. चामड्याच्या पर्सा आणि पट्टे नेऊच नकोस.

घर बघताना तुला समुद्र दिसणारं घर आवडेल. आम्हालाही आवडलं होतं. सहा महिन्यांत फ्रिजची मागची जाळी गंजली, पंख्याची पाती खरखरीत झाली, दाराच्या कड्या हातात यायला लागल्या. खारा वारा लोखंड खातो. मग आम्ही वर चढावर घर घेतलं. चढावरच्या घराला आणखी एक कारण आहे. तो सगळा पट्टा भूकंपाच्या सगळ्यात धोक्याच्या विभागात येतो. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात आणि त्सुनामीत गावाजवळची जमीन जवळपास मीटरभर खचली. सिप्पीघाटला रस्त्यालगत जी शेतं होती तिथे समुद्राचं पाणी शिरलं ते कायमचं. बसमधून जाताना पाण्यात उभे राहिलेले वाळके माड दिसायचे, ते बघून मी काचेच्या बरण्या वरच्या फळीवरून खाली आणल्या. तूही आण.

घरमालकाला भाडं विचारायच्या आधी टाकी केवढी आहे ते विचार. एवढा पाऊस पडतो आणि तरी मार्च-एप्रिलमध्ये पाणी पुरत नाही, हे मला आधी पटायचंच नाही. गावाला पाणी येतं धनीखाडीच्या धरणातून, आणि डोंगराळ बेट असल्यामुळे पडलेलं पाणी वाहून समुद्राला मिळतं. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी नळ यायचा. छपराचं पाणी पन्हळीतून पिंपात घ्यायची सोय असलेलं घर मिळालं तर दोन पैसे जास्त दे.

आता उजेडाचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि याचाच सर्वांत जास्त त्रास झाला. घड्याळ आपल्यासारखंच, पण ठाण्यापासून ते गाव जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला आहे, म्हणजे सूर्य सुमारे सव्वा तास आधी येतो आणि आधी जातो. जूनमध्ये पाचला सूर्य वर. डिसेंबरात संध्याकाळी पाचला मावळतो. मी ठाण्याचं वेळापत्रक तसंच चालवत राहिले. साडेसहाला उठायचं, पाचला चहा, मग फिरायला जायचं म्हणून चपला घालाव्यात तर बाहेर काळोख. सहा वाजता दिवेलागण होऊन गेलेली, आणि रात्रीच्या जेवणाला अजून तीन तास. त्या तीन तासांत मला घरची आठवण खायला यायची. गणपतीत तर आरतीची वेळ होईतो अंगणात मिट्ट काळोख असायचा.

दुसऱ्या वर्षी मी दिवसच सरकवला. साडेचारला उठायला लागले. पहाटे पाच-सव्वापाचला कोर्बिन्स कोव्हच्या रस्त्याने चालायचं, डाव्या हाताला समुद्र, आणि परत येताना जंगलीघाटला मासळी. सुरमई, कोळंबी, खेकडे, सगळं ताजं, आणि सकाळी लवकर गेलं की निवड करता येते. साडेसातला जेवणं, नऊला झोप. तेव्हापासून मला ते गाव आवडायला लागलं. तुझ्या पोरीलाही पहिल्या दिवसापासून हीच सवय लाव, कुरकुर करेल पण महिन्यात रुळेल.

भाजी हा वेगळाच विषय आहे. कांदे-बटाटे आणि बरंच वाणसामान मेनलँडवरून येतं (तिथे सगळे असंच म्हणतात, मेनलँड). चेन्नई काय, कोलकाता काय, दोन्ही हजार किलोमीटरहून लांब. जहाज यायला तीन-चार दिवस, आणि हवा बिघडली तर आणखी. अबर्डीन बाजारातली बायकामाणसं भाव विचारायच्या आधी ‘जहाज आया क्या?’ असं विचारतात. मीही विचारायला लागले. भेंडी, भोपळा, पडवळ, केळी, नारळ तिथलेच, ते खात जा. गोडा मसाला, कोकम, मेतकूट आणि भाजणी इथून ने, पण दोन महिन्यांपुरतीच. जास्त नेलंस तर भाजणीत जाळी होईल. पुढचं मी पाठवत जाईन.

श्रीकांतच्या कामाची काळजी करू नकोस. पूर्वी तिथलं इंटरनेट उपग्रहावर चालायचं आणि एक फोटो जायला चहा थंड व्हायचा. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईपासून समुद्राखालची केबल आली, तेव्हापासून घरून काम करता येतं. वीज जाते मधूनमधून. इन्व्हर्टर घ्या.

दवाखान्याचं मात्र नीट लक्षात ठेव. मोठं सरकारी रुग्णालय आहे, जी. बी. पंत, आणि ते सेल्युलर जेलच्याच आवारात उभं आहे. जेलच्या मूळच्या सात पाखांपैकी आता तीन उरलेत. यांना डेंग्यू झाला तेव्हा मी सहा दिवस तिथे ये-जा करत होते. बाकड्यावर बसलं की समोर ती वीट दिसायची, ब्रह्मदेशातून आणलेली. आपण मराठी माणसं ते जेल बघायला जातो ती सावरकरांची कोठडी बघायला. १९११ ते १९२१, दहा वर्षं. पाहुणे आले की मीही त्यांना तिसऱ्या मजल्यावर न्यायची, पाया पडून झालं की ध्वनी-प्रकाशाचा खेळ, की हॉटेल. पण त्या सहा दिवसांत एका दुपारी डबा पोचवून मी एकटीच आत गेले. गर्दी नव्हती. एका पाखाचं तोंड दुसऱ्याच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोरचा माणूस दिसूच नये अशी रचना. मी एका कोठडीत उभी राहिले आणि वर झरोक्यातून उजेडाची एक पट्टी येत होती ती भिंतीवरून सरकताना बघत बसले. पाहुण्यांबरोबर जाशीलच, पण एकदा अशी एकटी जा. गंभीर दुखण्याला चेन्नई गाठावी लागते, तेव्हा विमा बघून घे आणि सासूबाईंच्या तपासण्या निघायच्या आधी इथेच करून टाक.

आणखी एक. पाहुणे येतील, भरपूर येतील. बारातांग बेटावर चला म्हणतील. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या तांड्याने सोडतात, थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे. मी दोनदा गेले. दुसऱ्या वेळी आमच्या गाडीतल्या एकाने ‘दिसले का, दिसले का’ करत काचेला नाक लावलं. बाहेर एक बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती. मला तिच्या जागी मी दिसले. तिसऱ्यांदा मी पाहुण्यांना नाही म्हणून सांगितलं. तू काय करायचं ते तू ठरव. आणि पोरीला शंखशिंपले, पोवळी उचलून आणू देऊ नकोस, ती न्यायला मनाई आहे. किनाऱ्यावर मगरीची पाटी असेल तिथे गुडघाभर पाण्यातही उतरायचं नाही.

मेघना, आपण दोघी बेटावरच वाढलो, हे मला तिथे गेल्यावर उमगलं. ठाणे साष्टी बेटावर आहे, भूगोलात शिकलो होतो ना आपण. पण कळव्याचा पूल आहे, खाडीवरून तुझ्या वाशीची लोकल जाते, त्यामुळे पाणी ओलांडतोय असं कधी मनातही आलं नाही. तळ्यावर भेटायचं म्हटलं की अर्ध्या तासात भेट. तिथे पूल नाही. बाबा पडले, मांडीचं हाड मोडलं, तो फोन संध्याकाळी आला. विमान दुसऱ्या दिवशीचं, चेन्नईवरून. मी ठाण्यात पोचले तेव्हा त्यांचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. ती रात्र मी कशी काढली ते मलाच माहीत.

ती रात्र एकटीने काढली नाही, हेही सांगायला हवं. शेजारच्या बौदी आल्या होत्या. बौदी म्हणजे वहिनी, सगळी गल्ली त्यांना तेच म्हणते. त्यांचे सासरे फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेले. १९४९ पासून सरकारने अशी कितीतरी कुटुंबं तिथे नेऊन वसवली, जंगल तोडून शेतं करायला लावली. सासऱ्यांनी बरोबर एक ट्रंक आणली होती आणि ती पहिल्याच दिवशी उघडून तिची फळी करून त्यावर देव मांडले, असं बौदी सांगायच्या. त्या रात्री त्यांनी माझी बॅग भरली, माझ्या हातात भाताचा घास दिला आणि पहाटे गाडीत बसवताना डब्यात लुची-आलूदम बांधून दिलं.

तो डबा अजून माझ्याकडे आहे. तीन कप्प्यांचा स्टीलचा, झाकणावर त्यांच्या यजमानांचं नाव कोरलेलं. बाबांच्या गडबडीत तो इथेच राहिला, मग आमची बदली झाली, आणि मी परत गेले ती फक्त सामान बांधायला. तेव्हा त्या मुलीकडे डिगलीपूरला गेल्या होत्या. त्यांचा निरोपसुद्धा घेता आला नाही मला.

तर रविवारी ट्रान्स-हार्बरने ये, जेवायलाच ये. बौदींचा पत्ता लिहून ठेवते, चढावरून तिसरं घर, दारात अबोली आहे. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून शनिवारी बेसनाचे लाडू करते. वरच्या दोन कप्प्यांत लाडू, खालच्यात चिवडा. तुझ्या हातातल्या सामानात ठेव, खोक्यात नको.

तुझी,
सुनीता