इरेना सेंडलर नर्स नव्हत्या आणि एकट्याही नव्हत्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

12 मे जवळ आला की इरेना सेंडलरबाईंचा तो फोटो आणि मेसेज ग्रुपवर फिरायला लागतो, यंदा आपल्या पुरवणीतही साधारण तोच मजकूर आला म्हणून लिहितेय. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या राजधानीतली, वॉर्सातली एक नर्स, पेटीतून ज्यू बाळं पळवली, गाडीत भुंकणारा कुत्रा, आणि शेवटी नोबेल हुकलं, झाली गोष्ट. 12 मे म्हणजे नर्स दिन आणि 2008 साली त्याच तारखेला त्या वारल्या, त्यामुळे घोळ होत असावा. पण त्या नर्स नव्हत्या हो, वॉर्सा महापालिकेच्या समाजकल्याण खात्यात नोकरीला होत्या. साथीच्या कामाचा पास मिळवून घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत जायच्या, कारण जर्मनांना टायफसची जाम भीती, तिकडे तपासायला स्वतः कोण जाणार.

मी बालगृहातून रिटायर झालेय, म्हणून असेल, पण मला त्यांच्यातली सरकारी कर्मचारीच जास्त भावते. जर्मनांनी ज्यूंना मदत द्यायची नाही असा आदेश काढला तर सेंडलरबाई आणि खात्यातल्या त्यांच्या सहकारिणींनी काय केलं, खोट्या पोलिश नावांच्या केसेस तयार केल्या आणि घरात टायफस, टीबी आहे असा शेरा मारला, म्हणजे इन्स्पेक्टर दारात यायचाच नाही! आणि हे घेट्टोची भिंत पूर्ण व्हायच्या आधीपासून. नोव्हेंबर 1940 मध्ये घेट्टो बंद झाला, साडेतीन चौरस किलोमीटरच्या आत चार लाखांवर माणसं कोंबली, 1942 च्या उन्हाळ्यात त्यातली अडीच लाखांवर दोनेक महिन्यांत ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेऊन मारली.

मुलं बाहेर काढायच्या वाटाही बऱ्याच होत्या. अँब्युलन्स, ट्राम, लेश्नो रस्त्यावरचं कोर्ट, ज्याचं एक दार घेट्टोकडे आणि दुसरं शहराच्या बाजूला. पेटीतलं बाळ खरंच होतं, एल्झ्बिएता फित्सोव्स्का, तेव्हा सहा महिन्यांची, विटांच्या गाडीतून आणलेली, सोबत नाव आणि जन्मतारीख कोरलेला चांदीचा चमचा.

पण भिंतीबाहेर आलं म्हणजे काम झालं असं थोडंच आहे? पुढे ते लेकरू दोन-तीन वर्षं कुणीतरी सांभाळायचं, त्याला नवीन नाव, चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला, ख्रिस्ती प्रार्थना पाठ करून घ्यायच्या, रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी नवीनच नाव सांगायला हवं. कुणी घरात ठेवलं, कुणी मठातल्या नन्सनी, कुणी अनाथाश्रमाने, आणि पकडलं तर ठेवणाऱ्याला मृत्युदंड. झेगोटा नावाची गुप्त संघटना सांभाळणाऱ्यांना पैसे पोचवायची, 1943 मध्ये तिच्या मुलांच्या विभागाचं काम सेंडलरबाईंकडे आलं. अडीच हजार मुलं हा आकडा सगळे देतात, त्यावर अभ्यासकांत वाद आहेत, आणि काही झालं तरी ते अख्ख्या जाळ्याचं काम. इरेना शुल्ट्झ, यादविगा पिओत्रोव्स्का, यादविगा देनेका या त्यांच्यासोबतच्या बायका. देनेकांना 1944 मध्ये जर्मनांनी गोळ्या घातल्या, त्यांचं नाव कुठल्या फॉरवर्डमध्ये बघितलंय का तुम्ही?

आणि ती यादी! पातळ कागदाच्या पट्ट्यांवर मुलाचं खरं नाव, खोटं नाव आणि ठिकाण. मूल घरच्यांकडे परत जावं म्हणून ही नोंद. आमच्याकडे मूल यायचं तेव्हा पहिला प्रश्न हाच असायचा की याचं कोण आहे, रेकॉर्ड नसलं तर ते मूल कायमचं तुटलं. ऑक्टोबर 1943 मध्ये गेस्टापोने, म्हणजे जर्मनांच्या गुप्त पोलिसांनी बाईंना पकडलं, पाविआक तुरुंगात ठेवून छळ केला तरी त्यांनी एक नाव सांगितलं नाही. झेगोटाने लाच देऊन सोडवलं, कागदोपत्री मात्र त्यांना मृत्युदंड देऊन झाल्याची नोंद. यादी एका सहकारिणीच्या बागेत बरणीत पुरून ठेवली होती, युद्धानंतर ती ज्यू समितीकडे दिली, तेव्हा कळलं की बहुतेकांचे आईबाप ट्रेब्लिंकातच गेले होते.

राहिलं नोबेलचं. 2007 चं शांततेचं नोबेल अल गोर आणि हवामानावरच्या आयपीसीसीला मिळालं म्हणून दरवर्षी गळा काढायची गरज नाही, नामांकनं तर 50 वर्षं गुप्त असतात. ज्यू हत्याकांडाची स्मृती जपणाऱ्या इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्यांना 1965 लाच मान दिला होता, पण पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने तिकडे जायची परवानगी दिली 1983 मध्ये! चिडायचंच तर त्यावर चिडा.

एक विनंती, पुढच्या वेळी छापाल तेव्हा नर्स लिहू नका आणि देनेका, शुल्ट्झ, पिओत्रोव्स्का ही तीन नावं तेवढी टाका, एक ओळ पुरते.

आपली,
एक नियमित वाचक (निवृत्त बालगृह अधीक्षिका)