एक पिंप

नागपूर, रविवार

प्रिय बाळ्या,

दीड वर्ष पत्र नाही, तुझ्या दोन्ही फोनांना उत्तर नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, शुगर जिथे होती तिथेच.

पिसदुऱ्याच्या त्या दगड झालेल्या लेंड्या आठवतात? कंडक्टरने पोत्यात काय म्हणून विचारलं, तू ‘डायनासोरची शी’ म्हणालास आणि त्याने मुकाट सामानाचं तिकीट फाडलं! त्यातलं एक गाठोडं माझ्या कपाटात पडून होतं. माझ्याकडच्या पोरीने त्यातला तुकडा नुसत्या हायड्रोक्लोरिकमध्ये आणि मग पेरॉक्साइडमध्ये टाकला. हायड्रोफ्लोरिकला हात लावायची भीती वाटते म्हणाली. परवा तिने मला हाक मारली. चाळीसच्या भिंगाखाली तीन पिंपं एकाला एक चिकटून. काचेची भिंत, ठिपक्यांच्या ओळी, काठाचे दाते एकमेकांत अडकलेले. ऑलाकोसिरा, लेका, पाण्यातला तो सूक्ष्म डायटम!

१९८८ साली आपण परागकणांपायी सगळं हायड्रोफ्लोरिकमध्ये विरघळवलं. सिलिका गेली, परागकण उरले, आपण खूश. करंडक वनस्पतींचा, म्हणजे या डायटमचा, तर करंडाच सिलिकाचा, तो बेसिनमधून गेला. अर्धा नमुना बाजूला ठेव असं तू म्हणाला होतास. मी म्हणालो, चहा आण. आठ दिवस बोलला नाहीस, माझ्या ताटातली पोळी मात्र रोज उचललीस. २००३ मध्ये साहनी मंडळींनी लामेटाच्या खडकांतून हीच ऑलाकोसिरा छापली, गोड्या पाण्यातली सगळ्यात जुनी म्हणून. तेव्हाच तुला फोन करायला हवा होता. तोंड नव्हतं.

आता खरी धास्ती सांगतो. हा प्राणी (वनस्पती, वनस्पती, ओरडू नकोस) आजही तलावात राहतो, म्हणजे नळातूनही येऊ शकतो. रोथप्लेट्झने १८९६ साली जर्मनीच्या जुरासिकमधले डायटम दाखवले, ते पुन्हा कुणाला सापडले नाहीत. चांगले जपलेले जुने डायटम अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रातले, ते ११ कोटी वर्षांचे. त्याच्या अलीकडचं सगळं नीट बसतं, माझंही बसेल, पण पाणी कुठलं? आमचा डिस्टिल्ड वॉटरचा प्लांट दोन महिने बंद आहे. पोरगी नळाचंच वापरत होती, आणि मी बघत होतो. म्हणून काल दगडाविना कोरी स्लाइड केली. तीच आम्लं, तेच बीकर, तेच पाणी. अर्धी पाहिली, काही नाही. उरलेली बघवेना, म्हणून तुला लिहायला बसलो. पोरीने घरी पेढे वाटलेत रे.

तुझा गुडघा कसा आहे? चिंगीचं ठरलं म्हणे, तारीख कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्णा

ता. क. पाहिली. खालच्या कोपऱ्यात एक पिंप आहे, मोडकं. पोरीला अजून सांगितलं नाही.